नळकामाचे मिस्किटा सर

मिस्किटा सर आमच्या शाळेत आले त्या जूनमध्ये माझ्या संस्कृतच्या वर्गातून अकरा मुलं उठली आणि नळाकडे गेली. नववीला संस्कृतऐवजी नळकाम घेता येईल, अशी सूचना फळ्यावर लागली होती. बावीस वर्षं मी जिला देववाणी म्हणत आले, तिच्या जागी कोणी पाइप आणि पाना आणून ठेवील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सरकारी कागदावर त्या विषयाचं नाव चांगलं ओळभर लांब होतं, ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. मुलं पहिल्या दिवसापासून ‘नळाचा वर्ग’ म्हणाली, शिक्षकही तेच म्हणू लागले, आणि मी महिनाभर हट्टाने ‘तो खालचा वर्ग’ म्हणत राहिले. खालचा म्हणजे जिन्याखालचा. मोडकी बाकं आणि स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवायची जी खोली होती, ती त्यांना दिली होती.

माणूस साठी ओलांडलेला, बुटका आणि रुंद. खाकी हाफ शर्ट, पायात रबरी तळाचे बूट, खांद्यावर जाड कापडी पिशवी. त्या पिशवीत डबा असे, एक पंचा असे आणि त्यांचा स्वतःचा दात्यांचा पाना असे. तो पाना त्यांनी तरुणपणी घेतला होता म्हणे, आणि दुसऱ्या कोणाच्या हातात ते तो देत नसत. ते राहायचे गोराईला, खाडीपलीकडे. रोज सकाळी होडीने अलीकडे यायचे, तिथून रिक्षाने चारकोपला, आमच्या शाळेत. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत ते हजर असत, आणि शाळेच्या समोरच्या सेक्टरमध्ये राहणारे आमचे ड्रॉइंगचे शिक्षक रोज उशिरा येत. यावर स्टाफरूममध्ये जे काही बोलायचं ते मी बोलून घेतलं आहे.

ते आमचे नेमणुकीचे शिक्षक नव्हते. बाहेरची एक संस्था शाळांना असे शिक्षक पुरवायची, एकेक वर्षाच्या करारावर. त्यामुळे मस्टरवर त्यांचं नाव सगळ्यांच्या खाली, वेगळ्या शाईत. ते त्याचंही काही मनावर घेत नसत. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आणि उपनगरांतल्या इमारतींवर त्यांनी चाळीस वर्षं पाइप बसवले होते. “बोरिवलीतल्या निम्म्या बिल्डिंगांच्या पोटात माझा हात गेलेला हाय,” असं ते म्हणायचे, आणि ते फुशारकीने नाही, एखाद्या सुईणीने सांगावं तसं.

पहिल्याच दिवशी ते मुख्याध्यापिका देसाई मॅडमकडे गेले. म्हणाले, “मॅडम, खोली छान हाय. पण खोलीत नळ नाय.”

मॅडमनी पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं.

“नको, नको. पोरं आणतील की,” सर म्हणाले.

पोरांनी खरोखरच आणला, पण दिवाळीच्या तोंडावर. पहिला महिनाभर तर त्यांनी मुलांना हत्याराला हात लावू दिला नाही. वह्या घेऊन सगळी शाळा फिरवली. पाणी कुठून येतं, खालच्या टाकीत किती वाजता पडतं, पंप ते वर कुठे चढवतो, कोणत्या मजल्यावर कुठे उतरतं, आणि शेवटी जातं कुठे. मुलं भिंतीला कान लावून उभी असायची. एकदा मी ‘भवति भवतः भवन्ति’ घेत असताना तीन जणी माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला चिकटून काहीतरी ऐकत होत्या, आणि माझी उरलेली मुलं फळ्याकडे बघायची सोडून त्यांच्याकडे बघत होती. मी तणतणत खाली गेले.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “टीचर, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?”

“नळातून,” मी म्हणाले. रागात माणूस जे पहिलं सुचेल ते बोलतो.

“नळात कुठून येतं?”

वरून येतं एवढं ठाऊक होतं. पण कुठल्या वाटेने, आणि ते बंद कुठे करायचं, हे बोरिवलीतल्या त्याच घरात अठरा वर्षं राहूनही मला सांगता येईना. ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यावर मांडून ठेवलं. फक्त म्हणाले, “घरी गेल्यावर बघा. असू द्यावं माहीत.”

चिडूनच का होईना, मी बघितलं. आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एक लोखंडी झाकण होतं, त्याच्या आत चार घरांचे चार कॉक. आमचा कुठला ते शोधायला शेजारच्यांचं पाणी दोनदा बंद करावं लागलं आणि त्यावरून थोडी बोलाचालीही झाली. पुढे दीड महिन्याने, रविवारी भर दुपारी, आमच्या बेसिनखालचा पाइप फुटला. पाणी हॉलपर्यंत आलं. नवरा प्लंबरला फोन लावत होता, प्लंबर ‘दहा मिनिटांत पोचतो’ म्हणत होता, म्हणजे तो अजून जेवायला बसायचा होता. मी पॅसेजमध्ये गेले, झाकण उघडलं आणि कॉक फिरवला. पाणी थांबलं. त्या दुपारी नवऱ्याने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, त्या आदराने कालिदासामुळे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली जाऊन हे सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. तर म्हणाले, “कॉक कडक झाला असंल. महिन्यातून एकदा फिरवत जा, बाय.” त्या दिवसापासून मी ‘टीचर’ची ‘बाय’ झाले. त्यांच्या गावात घरच्या बाईमाणसाला असंच म्हणतात, हे मला नंतर कळलं. आधी मला तो उद्धटपणा वाटला होता.

मग मोकळ्या तासाला मी अधूनमधून खाली जाऊ लागले. नाताळ झाला की ते स्टाफरूमला डबाभर फुगे आणायचे, म्हणजे त्यांच्याकडे सणाला तळतात ते गोल, पोकळ पाव. पण माझा वाटा बाजूला काढून खाली ठेवलेला असायचा. तिथे बसून मी त्यांना शिकवताना ऐकलं. बोलणं कमीच. मुलांनी एखादा जोड केला, की ते पंच्याने तो चांगला कोरडा करायचे, पाणी सोडायचे, आणि बोटाची मागची बाजू जोडाला लावून उभे राहायचे. पुढची बाजू नाही, कारण तिला घट्टे पडलेले असतात, तिला ओल कळत नाही. दोन मिनिटं वर्ग श्वास धरून उभा. मग बोट मुलाच्या गालाला लावायचे. कोरडं असलं की पास.

‘पाणी खोटं बोलत नाय’ हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, ‘लोखंडाला जोर, प्लॅस्टिकला अदब.’ लोखंडी पाइपाचे आटे ताकद लावून पिळावे लागतात. प्लॅस्टिकचे हाताने बसवायचे, मग गुळगुळीत जबड्याच्या पान्याने अर्धाच फेरा द्यायचा आणि थांबायचं. जास्त पिळलं तर आतून केसाएवढी चीर जाते. ती लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसते. म्हणून दात्यांचा पाना प्लॅस्टिकला लावायचाच नाही, तो मुलांना मिळायचाच नाही. माझी सुभाषितं मुलांना अर्थासकट पाठ करायला लावावी लागत, ही दोन त्यांना न सांगता पाठ होती.

दोष होता त्यांच्यात एक, आणि तो मुलांनी माझ्याआधी ओळखला होता. दुसऱ्याचं काम त्यांना जसंच्या तसं सोडवत नसे. जोड कोरडा निघाला, मुलगा पास झाला, टाळ्या झाल्या, की मुलांची पाठ वळल्यावर ते आपला पाना काढून त्याला किंचित पिळायचेच. गरज असो नसो. मुलं त्याला ‘सरांचा आशीर्वाद’ म्हणायची. संध्याकाळी घरी जाण्याआधी ते अख्ख्या शाळेतले नळ हाताने चाचपून मगच गेट ओलांडायचे. यात त्यांची कधीकधी होडी चुकायची आणि मग पुढच्या होडीची वाट बघत जेटीवर बसायचे. आम्हाला ते कौतुकाचं वाटायचं. काळजीवाहू माणूस, असं आम्ही म्हणायचो.

त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात श्रावणी सावंत होती. काटकुळी, बोलायला कमी, संस्कृतात आठवीला माझ्याकडे पहिली आलेली. ही नळाकडे गेली तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं. तिचे वडील विमा कंपनीत, मूळचे मालवणकडचे, कपड्यांना कडक इस्त्री करणारे. ऑगस्टच्या पालकसभेला ते माझ्याकडे आधी आले.

“मॅडम, ही संस्कृतात पहिली येणारी मुलगी. हिने लोकांचे नळ दुरुस्त करायचे?” त्यांनी विचारलं.

मला त्यांचं पटत होतं, आणि पटत होतं याची थोडी लाजही वाटत होती. मी त्यांना जिन्याखाली घेऊन गेले. तोपर्यंत त्या खोलीत नळ आला होता, त्याच्यापाशी सर उभे होते. सावंतांनी तोच प्रश्न त्यांनाही विचारला.

सर म्हणाले, “जुना नळ काढून हा तिने बसवलाय. सोडा, बंद करा. काय खोट मिळाली तर सांगा.”

सावंतांनी नळ सोडला, बंद केला. खाली वाकून पाहिलं. विम्याचा माणूस, खोट शोधण्यात आयुष्य गेलेलं. पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. श्रावणी कोपऱ्यात उभी राहून त्यांच्या बोटांकडे बघत होती.

“बरं,” शेवटी ते म्हणाले. “पण एक सांगतो. हिच्या कामाची एक जरी तक्रार आली, तर हिचा विषय बदलायचा. दहावीला संस्कृत.”

“चालेल,” श्रावणी म्हणाली. वडिलांच्या आधी सरांनी तिच्याकडे पाहिलं. मला आठवतंय, कारण त्यांच्या चेहऱ्यावर इतका उघड आनंद मी पुन्हा पाहिला नाही. नंतर मला म्हणाले, “बाय, चाळीस वर्षांत असा हात दोनदा बघितला. दुसरा आता नाय.” तो कोणाचा होता, हे मी विचारलं नाही.

जानेवारीत शाळेच्या गच्चीवर नवी प्लॅस्टिकची टाकी बसली. तिची सगळी जोडणी नववीच्या वर्गाने केली. कोणी कुठला जोड केला त्याचा तक्ता सरांनी जिन्याखालच्या भिंतीवर लावला होता. टाकीच्या तोंडाचा जोड, जिथून पाणी खाली उतरतं तो, म्हणजे सगळ्यात अवघड, श्रावणीचा. शनिवारी दुपारी टाकी भरून बघितली. सरांनी एकेका जोडाला बोट लावलं. सगळे कोरडे. मुलं नाचत घरी गेली.

सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या रेकॉर्डच्या खोलीचं छत गळत होतं. टाकीच्या तोंडाशी पाणी सुटलं होतं, गच्चीची मोरी पाल्याने तुंबलेली, आणि रविवारी वॉचमनने नेहमीसारखा पंप लावून टाकी काठोकाठ भरून ठेवलेली. ते सगळं पाणी दिवसभर गच्चीवर साचलं आणि खाली उतरलं. खाली कपाटात शाळेचं जनरल रजिस्टर होतं. शाळा सुरू झाल्यापासून आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांचं नाव त्यात असतं. शाळेची इमारत पडली तर एकवेळ चालेल, जनरल रजिस्टर भिजता कामा नये. पहिल्या दोन तासांना आम्ही चौघी शिक्षिका पंख्याखाली बसून एकेक पान वेगळं करून टिपकागद लावत होतो. देसाई मॅडम आमच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी चेष्टेने सांगत नाही.

जोड कोणाचा, हे शोधायला वेळ लागला नाही. तक्ता भिंतीवरच होता.

सावंत दुपारी आले. मॅडमच्या खोलीत श्रावणी, तिचे वडील, मिस्किटा सर, आणि विषय बदलायचा तर पुन्हा संस्कृतची शिक्षिका म्हणून मी. सरांनी निघालेला एल्बो, म्हणजे टाकीच्या तोंडाचा तो वाकडा तुकडा, टेबलावर ठेवला होता. त्याच्यावर एक बारीक चीर होती. श्रावणीने तो उचलला, उलटा करून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि परत ठेवला.

“जास्त पिळलंस का गं?” मॅडमनी विचारलं.

ती काहीच बोलली नाही. वर मान करून सरांकडेही पाहिलं नाही.

“ठरलं होतं तसं करूया,” सावंत म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. “उद्या येऊन अर्जावर सही करतो.”

मी सरांकडे बघत होते. ते काहीतरी बोलतील, निदान पहिलीच चूक आहे, सोडून द्या म्हणतील, अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, “मी बघतो.” एवढंच. आणि पिशवी घेऊन निघून गेले. त्या संध्याकाळी ते नळ चाचपत फिरले नाहीत.

मला त्यांचा भयंकर राग आला. मुलीचा हात आपणच नावाजायचा, आणि तिच्यावर आलं की पहिल्या होडीने घरी जायचं. माझ्या वर्गात पहिली येणारी मुलगी परत येणार होती, तरी घरी जाईपर्यंत मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी आम्ही सगळे पुन्हा मॅडमच्या खोलीत. अर्ज टेबलावर होता, सावंतांनी खिशातून पेन काढलं होतं. सर आले आणि त्यांनी पिशवीतून आपला दात्यांचा पाना काढून त्या एल्बोशेजारी ठेवला.

“मॅडम, ह्या खुणा बघा,” ते म्हणाले. चिरेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकवर बारीक बारीक ओरखडे होते, ओळीने. “पोरांकडे गुळगुळीत जबड्याचा पाना असतो. त्याची खूण उठत नाय. ह्या दात्यांच्या खुणा हायेत. दात्यांचा पाना शाळेत एकच हाय.”

त्यांनी पाना उचलून एल्बोवर धरला. दाते खुणांवर बसले.

“शनिवारी हिचा जोड कोरडा होता. पोरं गेली, मी परत वर गेलो. काय गरज नव्हती. हात गेला. चाळीस वर्षं लोखंड पिळलेला हात, एकदा पिळला. चीर मीच पाडली.”

मग ते पुढे म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज खाली गेला, “आणि मना हे काल सकाळीच ठावं होतं. एल्बो हातात घेतला तेव्हाच. काल बोललो नाय. पुढच्या वर्षाच्या कराराचा कागद ह्या महिन्यात यायचाय. भीती वाटली. दुसरं काय नाय.”

सावंतांनी पेनाचं टोपण लावलं. ते एल्बोकडे बघत होते. मग लेकीकडे वळले.

“काय गो, तुका म्हायत होता?”

“हो,” श्रावणी म्हणाली.

“मग काल बोललंस कित्याक नाय?”

“ते सरांनी सांगायचं होतं ना.”

सर खुर्चीवर बसले. इतका वेळ ते उभेच होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत मी मुलांसमोर ‘माझं चुकलं’ किती वेळा म्हटलं, ते मी तिथेच बसून आठवायचा प्रयत्न केला. एकदाही आठवलं नाही. चुका नव्हत्या असं मुळीच नाही.

सावंतांनी अर्ज घडी करून खिशात घातला. देसाई मॅडम भल्या होत्या, पण त्यांच्या वर शाळेची समिती होती, आणि समितीला भिजलेलं रजिस्टर दाखवणं भाग होतं. गुरुवारी समितीने सरांना पाठवणाऱ्या संस्थेला कळवलं, शुक्रवारी संस्थेने उत्तर दिलं. सोमवारपासून दुसरे शिक्षक येतील. मी समितीच्या एका सभासदाकडे जाऊन दोन शब्द बोलले. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, माणूस प्रामाणिक आहे हो, पण रजिस्टर. मला राग आला आणि तो मी गिळला, याचा मला अजूनही राग येतो.

सरांनी एवढीच विनंती केली होती, की टाकीचा तो जोड श्रावणीनेच परत करावा. एकटीने. शनिवारी.

त्यांचा तो शेवटचा दिवस. शाळा सुटली होती. श्रावणी वर गेली होती, आणि तिच्याबरोबर पाइपाचं दुसरं टोक धरायला सावंत. इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. मी सरांना स्टाफरूममध्ये बसवलं होतं, आमच्या खुर्च्यांवर ते पहिल्यांदाच बसत होते. शिपाई मावशींनी चहा आणून दिला. आम्ही काहीबाही बोललो. गोराईत यंदा भेंडी कशी झाली, त्यांच्या विहिरीचं पाणी खाडीकाठी असूनही गोड कसं, असलं. वर पावलं वाजत होती. मध्येच काहीतरी धातूचं फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि ते अर्धे उठले.

“जा ना सर, बघून या,” मी म्हणाले.

“नको.” ते परत बसले. “गेलो की हात लागेल.”

त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घेतले. थंडीत लहान मुलं घेतात तसे. चहा तसाच होता. मग पंप सुरू झाला. स्टाफरूमच्या भिंतीतून पाणी चढताना मला चक्क ऐकू आलं; दोन वर्षांपूर्वी आलं नसतं. ते मान खाली घालून ऐकत होते. टाकी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागला. पंप थांबला. त्यानंतर बराच वेळ काहीच आवाज नाही. ती बोट लावून उभी असणार.

मग जिन्यावर चप्पल वाजली आणि श्रावणी दारात आली. हातावर ग्रीस, कपाळावर केस चिकटलेले. तिच्यामागे दोन पायऱ्या वर सावंत थांबले होते.

“सर, झालं.”

“कोरडा?”

“हो.” मग ती म्हणाली, “वर येऊन बघा ना, सर.”

त्यांनी हात मांड्यांखालून काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“तू बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि उठले. पिशवी खांद्याला लावली. सावंतांना नमस्कार केला, मला म्हणाले, “येतो, बाय. कॉक फिरवत जा.” श्रावणीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांच्या मनात आलं असावं, पण ते तिच्या बाजूने तसेच बाहेर पडले.

मी खिडकीशी गेले. ते मैदान ओलांडून चालले होते, पिशवीच्या बाजूला थोडे कललेले. आमच्या मैदानाच्या मधोमध आलं की गच्ची दिसते, टाकी दिसते, टाकीच्या तोंडाचा पाइपही दिसतो. ते तिथे पोचले, आणि थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. गेटपाशी वॉचमनशी दोन शब्द बोलले, आणि रस्ता ओलांडून रिक्षा स्टँडकडे गेले. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.